एक रुपयाचं सॅनिटरी पॅड वस्तीपर्यंत का पोहोचत नाही?

जनऔषधी केंद्रात एक सॅनिटरी पॅड १ रुपयाला मिळतं. पाळीच्या पाच दिवसांत पंधरा पॅड लागली, तर महिन्याचा खर्च १५ रुपये. हा हिशेब पाहिला तर पैसे नाहीत म्हणून पॅड न वापरणारी बाई आज सापडायलाच नको.

पण जनऔषधी केंद्र बहुतेक वेळा तालुक्याच्या गावी असतं. वाडी-वस्तीवरून तिथे जायचं तर एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट लागतं. मार्च २०२३ पासून महिलांना ते अर्धं झालं आहे, पण अर्धा दिवस तर जातोच. रोजगार हमीवरची मजुरी दिवसाला ३०० रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे १५ रुपयांच्या मालासाठी दीडशे रुपयांची मजुरी बुडवायची, आणि एवढं करून दुकानात 'स्टॉक संपलाय, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकायची तयारी ठेवायची. त्यापेक्षा घरातली जुनी साडी फाडणं सोपं. बायका नेमकं तेच करतात.

गेल्या पंधरा वर्षांत केंद्रानं आणि राज्यांनी पॅडची किंमत कमी करण्यासाठी बऱ्याच योजना आणल्या. काहींचा उपयोग झाला. तरीही ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंत माल नियमित जात नाही. यामागची कारणं काय आहेत, ते समजून घेऊ.

महिन्याला नेमकी किती पॅड लागतात?

पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलावं, असं डॉक्टर सांगतात. रक्तस्राव कमी असला तरी ते आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. दिवसाला तीन ते चार पॅड आणि पाळी चार-पाच दिवस, असं धरलं तर महिन्याला १२ ते २० पॅड लागतात. अंगावरून जास्त जात असेल तर त्याहून जास्त. बाळंतपणानंतरचा स्राव तर सहा आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतो. तो बहुतेक योजनांच्या हिशेबात धरलेलाच नसतो.

किराणा दुकानात किंवा मेडिकलमध्ये साधं पॅड ४-५ रुपयांपासून मिळतं. जरा मोठं, रात्रीचं पॅड १०-१५ रुपयांपर्यंत जातं. घरात आई आणि दोन मुली असतील, तिघींना मिळून ४५ पॅड लागत असतील आणि ती ५ रुपयांची असतील, तर महिन्याला २२५ रुपये होतात. हातावर पोट असलेल्या घरात हा पैसा तेल, डाळ आणि गॅस यांच्याशी स्पर्धा करतो. शिवाय घरातला पैसा बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात असतो, आणि त्याच्याकडे यासाठी पैसे मागायची लाज वाटते. अशा घरात एक मधला मार्ग निघतो. शाळेत किंवा बाहेर जाताना पॅड वापरायचं आणि घरी कपडा. किंवा एकच पॅड दिवसभर ओढायचं.

म्हणून 'पॅड वापरता का?' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर आलं, तरी त्यावरून फार काही कळत नाही. पुरेशी मिळतात का, हे विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. चिकटपट्टीचं पॅड वापरायचं तर आत निकर असावी लागते, तीही धड, आणि बदलायला दुसरी. अनेक गरीब घरांत मुलींकडे आणि बायकांकडे ती नसते किंवा एखादीच असते. नुसती पॅड वाटून उपयोग का होत नाही, याचं हे एक अगदी साधं कारण आहे.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या ७८ टक्के मुलींनी आणि तरुणींनी पाळीत स्वच्छतेचं साधन वापरत असल्याचं सांगितलं. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५८ टक्के होतं. पाच वर्षांत एवढी वाढ मोठीच म्हणावी लागेल. याच पाहणीत ६४ टक्के जणींनी सॅनिटरी नॅपकिन वापरत असल्याचं सांगितलं आणि ५० टक्के जणींनी कपडा. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण अनेकजणी दोन्ही वापरतात. वर सांगितलेला मधला मार्ग तो हाच.

सरासरीखाली काय दडलंय, ते पाहायला हवं. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात स्वच्छतेचं साधन वापरणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्के आहे, सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात ५४ टक्के. आणि हा प्रश्न फक्त २४ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांना विचारला जातो. पाळी मात्र पंचेचाळिशी-पन्नाशीपर्यंत येते. पस्तिशीची शेतमजूर बाई काय वापरते, ते या सर्वेक्षणातून कळत नाही.

याच विषयावर दोन आकडे वर्षानुवर्षं फिरत आहेत. दोन्ही जपून वापरायला हवेत.

पहिला, 'भारतात फक्त १२ टक्के स्त्रिया पॅड वापरतात'. हा २०१० च्या सुमारास झालेल्या एका पाहणीतला आहे आणि तो कधीच जुना झाला. दुसरा, 'दरवर्षी २ कोटी ३० लाख मुली पाळी सुरू झाल्यामुळे शाळा सोडतात'. हा तर साध्या गणितातही बसत नाही. देशात एका वयाच्या मुली साधारण सव्वा कोटीच्या आसपास असतात. वयात येणाऱ्या एकूण एक मुलीनं शाळा सोडली, तरी दरवर्षी सव्वादोन कोटी होणार नाहीत.

पाळीमुळे मुलींची शाळा बुडतच नाही, असा याचा अर्थ नाही. पोटात दुखतं, डाग पडायची भीती असते, शाळेत पाणी नसतं, संडासाला कडी नसते. पण पॅड किंवा कप दिला की हजेरी आपोआप वाढते, हेही खरं नाही. नेपाळच्या चितवन भागात १९८ मुलींवर झालेल्या अभ्यासात (प्रसिद्धी २०११) पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाच्या १८० दिवसांत अर्ध्या दिवसापेक्षाही कमी भरली. मेन्स्ट्रुअल कप दिल्यानं त्यात फरक पडला नाही. मुलींचा कपडे धुण्याचा वेळ मात्र वाचला. मला वाटतं, पॅड मिळावं यासाठी हजेरीचं कारण पुढे करायची गरजच नाही. अंगावरून रक्त जात असताना स्वच्छ, कोरडं साधन मिळणं एवढं कारण पुरेसं आहे.

करमाफीनं पॅड स्वस्त झालं का?

थोडं झालं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. टिकली, कुंकू आणि बांगड्या करमुक्त असताना पॅडवर कर का, असा प्रश्न विचारला गेला. 'शीसेज' या मुंबईतल्या संस्थेनं 'लहू का लगान' ही मोहीम चालवली, न्यायालयांत याचिका गेल्या, आणि २१ जुलै २०१८ ला जीएसटी परिषदेनं हा कर काढला.

पण पाकिटाची किंमत सरळ १२ टक्क्यांनी उतरली नाही. कारण तांत्रिक आहे. वस्तू करमुक्त झाली की कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. समजा, १०० रुपयांच्या मालात ४० रुपयांचा कच्चा माल आहे आणि त्यावर १८ टक्क्यांनी ७ रुपये २० पैसे कर भरला आहे. पूर्वी हे पैसे विक्रीवरच्या करातून वळते करता यायचे. आता ते किमतीतच राहतात. ग्राहकाचे १२ रुपये वाचायला हवेत, तिथे प्रत्यक्षात वाचतात पाचेक रुपये. शिवाय जिला पूर्ण पाकीटच परवडत नव्हतं, तिच्यासाठी २ रुपयांचा फरक तसाही पुरत नाही.

सहा रुपयांपासून एक रुपयापर्यंत

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०११ मध्ये ग्रामीण किशोरवयीन मुलींसाठी पहिली मोठी योजना आणली. १७ राज्यांतल्या १०७ जिल्ह्यांत 'फ्रीडेज' नावाचं सहा पॅडचं पाकीट आशा ताईंमार्फत ६ रुपयांना दिलं जायचं. विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे आशाला १ रुपया आणि महिन्याला एक पाकीट मोफत. २०१४ पासून खरेदी राज्यांकडे सोपवली गेली. त्यानंतर योजना कुठे जोरात चालली, कुठे नावापुरती उरली.

तामिळनाडूनं २०११-१२ मध्येच 'पुदु युगम' योजनेतून मोफत पॅड द्यायला सुरुवात केली. त्यात किशोरींबरोबर बाळंतिणी आणि तुरुंगातल्या स्त्रियाही होत्या. इतर राज्यांच्या योजना शाळेच्या फाटकाशी थांबत होत्या, तेव्हा ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. बिहारनं वेगळा मार्ग धरला आणि शाळकरी मुलींच्या खात्यात वर्षाला ३०० रुपये द्यायला सुरुवात केली. रोख रकमेत निवडीचं स्वातंत्र्य असतं. पण खातं कुणाच्या ताब्यात आहे यावर ते अवलंबून असतं, आणि महिन्याला पडतात २५ रुपये.

महाराष्ट्राची 'अस्मिता' योजना ८ मार्च २०१८ ला सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांना, आणि गावातल्या इतर महिलांना २४ रुपयांपासून. विक्री बचत गटांमार्फत. कल्पना चांगली होती. पॅड गावातच मिळावं, ते बाईनंच बाईला विकावं आणि गटाला चार पैसे सुटावेत.

जनऔषधी केंद्रांतून पॅडची विक्री ४ जून २०१८ ला सुरू झाली. तेव्हा एका पॅडची किंमत अडीच रुपये होती. २७ ऑगस्ट २०१९ पासून ती १ रुपया झाली. २०२३ च्या अखेरीला देशात १०,००० जनऔषधी केंद्रं झाली होती. संख्या मोठी वाटते, पण देशात गावं सहा लाखांहून जास्त आहेत.

न्यायालयानंही यात लक्ष घातलं. सर्वोच्च न्यायालयानं १० एप्रिल २०२३ ला शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखं धोरण करायला केंद्राला सांगितलं. त्यातून तयार झालेल्या धोरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयानं मंजुरी दिली.

साखळी कुठे तुटते?

या सगळ्या योजनांचा हिशेब पाकिटात असतो. पाकिटात सहा किंवा आठ पॅड, आणि लागतात १२ ते २०. आठ पॅड फार तर अडीच दिवस पुरतात. पुढचे अडीच दिवस कपडा. म्हणजे योजना शंभर टक्के नीट चालली, तरी गरज निम्मीच भागते. मोफत वाटपाच्या बातमीत पाकिटांची संख्या असते. दर मुलीमागे दर महिन्याला किती पॅड मिळाली, हा आकडा मात्र क्वचितच दिसतो.

दुसरी अडचण खेळत्या भांडवलाची. बचत गटानं माल आधी घ्यायचा, मुलीला तो ५ रुपयांना द्यायचा आणि फरकाचं अनुदान नंतर मिळणार. अनुदानाला दोन-तीन महिने लागले की छोट्या गटाचे पैसे अडकतात आणि गट पुढची मागणी नोंदवत नाही. कुणी योजना बंद करत नाही. माल यायचा मात्र थांबतो.

तिसरी अडचण, वाटप शाळेला जोडलेलं असणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाळी थांबत नाही. शाळा सुटलेली मुलगी बहुतेक वेळा सर्वांत गरीब घरातली असते, आणि ती यादीत नसते. २०२० च्या टाळेबंदीत हे अगदी उघडं पडलं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली तेव्हा अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत सॅनिटरी पॅडचा उल्लेखच नव्हता. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं तो स्पष्टपणे केला. तोवर कारखाने थांबले होते आणि शाळा बंद झाल्यामुळे शाळेतून होणारं वाटपही थांबलं. कर्नाटकची 'शुची' योजना कोविडच्या काळात अडखळली, ती पुन्हा नीट सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

पुरवठा असा मध्येच तुटला की नुकसान दुहेरी होतं. पॅडची सवय लागलेल्या मुलीनं कपड्याची तयारी ठेवलेली नसते. कपडा वापरायचा तर तो जमवावा लागतो, शिवावा लागतो, धुऊन वाळवावा लागतो. म्हणून सहा महिने मोफत आणि मग काहीच नाही, यापेक्षा वर्षभर थोड्या किमतीत पण नक्की मिळणारं साधन जास्त उपयोगाचं.

लाजेचा भागही आहेच. मेडिकलवाला अजूनही पाकीट कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. 'कावळा शिवला', 'बाजूला बसलीय' अशा शब्दांत जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यासाठी गावातल्या पुरुष दुकानदाराकडे पाकीट मागायचं कसं? म्हणून गावात विक्री बाईकडे असणं गरजेचं आहे. पण लाजेवर फार बोललं जातं आणि मालाच्या तुटवड्यावर कमी, असंही वाटतं. माल हाताशी असला की लाज बरीच लवकर मोडते.

ऊसतोडीच्या फडात

महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू कुठे दिसते, तर ऊसतोड कामगार महिलांमध्ये. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी 'उचल' घेतलेली असते, ती कामातून फेडायची. एका दिवसाची सुट्टी म्हणजे 'खाडा', आणि खाड्याला दंड. दिवसाला ५०० रुपयांपर्यंत खाडा कापला जात असल्याचं अनेक ऊसतोड महिलांनी सांगितलं आहे.

मुक्काम फडाजवळच्या कोपीत असतो. संडास नाही, न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटे अंधारात काम सुरू होतं. दिवसभर वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरमध्ये चढवायच्या. अशा कामात पाळी आली तर पॅड बदलायला आडोसा नाही, हात धुवायला पाणी नाही, वापरलेलं टाकायला जागा नाही. कपडा असेल तर धुऊन वाळवायचा कुठे? ओला किंवा अर्धवट वाळलेला कपडा पुन्हा वापरला जातो. मांड्यांना चरे पडतात, खाज येते, अंगावरून पांढरं जातं, आणि गावी परतल्यावर बाई डॉक्टरकडे जाते.

इथून पुढची गोष्ट २०१९ मध्ये राज्यभर गाजली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण फार मोठं असल्याच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यातल्या अनेकजणी तिशी-चाळिशीतल्या होत्या. 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' ही डॉक्टरांनी घातलेली भीती, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, खाड्याचा धाक आणि पाळीचा वैताग अशी कारणं त्यात एकमेकांत गुंतलेली होती. नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं.

पॅड मिळाली असती तर या सगळ्या शस्त्रक्रिया टळल्या असत्या, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण सरकारी योजनांची रचना या बाईला कशी वगळते, ते नीट पाहा. तिचं वय १९ च्या पुढे, म्हणून किशोरींच्या योजनेत ती नाही. तिचा बचत गट आणि तिची आशा ताई गावी राहिली. फडाजवळच्या गावातली आशा तिला आपल्या यादीत धरत नाही, कारण ती त्या गावची रहिवासी नाही. तिची मुलगी जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत शिकते, ती शाळा दोनशे किलोमीटरवर. पाच-सहा महिने हे कुटुंब कुणाच्याच यादीत नसतं.

यावर उपाय असेल तर तो गावाशी नाही, कामाच्या जागेशी जोडावा लागेल. कोणत्या फडात किती कोयते आहेत, याची नोंद कारखान्याकडे असते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलेलं आहे. फिरतं शौचालय, पाण्याचा टँकर आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक बाईला पाच महिन्यांची साधनं, या तिन्ही गोष्टी त्या पैशातून आणि त्या यादीवरून करता येण्यासारख्या आहेत. वीटभट्ट्या आणि शहरातली बांधकामं यांनाही हेच लागू पडतं.

पॅडच हवं का?

कपडा म्हणजे अस्वच्छ, हा समज काही अंशी सर्वेक्षणांमुळेही पसरला. राष्ट्रीय सर्वेक्षणात कपडा वापरणारी बाई 'स्वच्छतेच्या साधनां'त मोजली जात नाही, मग तो कितीही स्वच्छ असो. प्रत्यक्षात सुती कपडा थंड पाण्यात भिजवून साबणानं धुतला आणि कडक उन्हात पूर्ण वाळवला, तर तो चांगलं काम देतो. अडचण कपड्यात नसून पाणी, साबण, ऊन आणि आडोसा या चार गोष्टींत आहे. घरात लपवून, दुसऱ्या कपड्यांखाली वाळवलेला कपडा पूर्ण वाळत नाही. 'गूंज' या संस्थेनं शहरांतले वापरलेले सुती कपडे स्वच्छ करून त्यांची पॅड गावोगाव पोहोचवली. त्यांचं सुरुवातीपासून हेच म्हणणं आहे की स्वच्छ कपडा मिळणंसुद्धा अनेकींना दुरापास्त असतं. पुन्हा वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानक ब्यूरोनं २०२१ मध्ये आयएस १७५१४ हे वेगळं मानकही केलं.

मेन्स्ट्रुअल कप साधारण तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि नीट वापरला तर दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो. हिशेबात यापेक्षा स्वस्त काही नाही. एका वेळी तो बारा तासांपर्यंत ठेवता येतो, म्हणजे कामाच्या ठिकाणी बदलायची गरज बऱ्याचदा पडत नाही. ४३ अभ्यासांचा आढावा घेणारा एक लेख २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. त्यात कप सुरक्षित असल्याचं आणि सवय झाल्यावर सुमारे ७० टक्के जणींना तो पुढेही वापरायचा असल्याचं दिसलं. केरळमध्ये आलप्पुळा नगरपालिकेनं २०१९ मध्ये ५,००० कप वाटले. एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी हे गाव जानेवारी २०२२ मध्ये 'सॅनिटरी नॅपकिनमुक्त' जाहीर झालं.

पण कप वाटून निघून येता येत नाही. तो घालायचा कसा, काढायचा कसा, पाळी संपल्यावर उकळायचा कसा, हे कुणीतरी शांतपणे शिकवावं लागतं आणि पहिल्या दोन-तीन पाळ्यांत शंका विचारायला कुणी हाताशी असावं लागतं. लग्न न झालेल्या मुलींच्या बाबतीत 'कौमार्य' हा मुद्दा घरच्यांकडून येतोच. त्यामुळे कप ऐच्छिक ठेवणं बरं. तयारी असलेल्या बायकांनी आधी वापरला की पुढचं काम सोपं होतं.

गावातच पॅड बनवायची कल्पना कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी रुजवली. कमी खर्चाचं यंत्र, ते बचत गटाकडे, आणि विक्री आसपासच्या गावांत. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, आणि मधल्या काळात अनेक संस्थांनी अशी यंत्रं घेतली. ती चालवायची तर वीज, कच्चा माल आणि ठरलेलं गिऱ्हाईक लागतं. लाकडाचा लगदा बाहेरून येतो, त्याचा भाव गटाच्या हातात नसतो. आणि १ रुपयाच्या अनुदानित पॅडपुढे गटाचं पॅड किमतीत टिकत नाही. शाळा किंवा आरोग्य केंद्र त्यांच्याकडून ठरावीक माल घेणार असेल, तरच असं केंद्र तग धरतं.

वापरलेलं पॅड जातं कुठे?

साध्या पॅडमध्ये वरचा आणि खालचा थर प्लास्टिकचा असतो, आत लगदा आणि पाणी शोषणारी रासायनिक पूड. पुरल्यावर ते वर्षानुवर्षं कुजत नाही. जनऔषधीचं पॅड 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल' आहे असं पाकिटावर असतं. या प्रकारचं प्लास्टिक लवकर तुटतं, पण तुकडे बारीक होऊन मातीत राहण्याची भीती असते. युरोपीय संघानं याच कारणानं ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकवर २०२१ पासून बंदी घातली.

पुण्यातल्या कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं हा विषय सर्वांत ठळकपणे मांडला. उघडी, रक्तानं माखलेली पॅड त्यांना हातानं वेगळी करावी लागतात. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेली पॅड थेट उत्पादक कंपन्यांना पाठवून दिली. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही 'रेड डॉट' मोहीमही त्यांचीच. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार पाकिटाबरोबर विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. शाळांत बसवलेली छोटी जाळण्याची यंत्रं मात्र फारशी भरवशाची नाहीत. पुरेसं तापमान मिळालं नाही की पॅड नुसतं करपतं आणि विषारी धूर होतो.

तुमच्या गावात काय करता येईल?

मदत करायची इच्छा असणारे लोक बहुतेक वेळा पॅडची पाकिटं विकत घेऊन एकदा वाटतात, फोटो काढतात. हेतू चांगला असतो, पण पुढच्या महिन्यात काय? तेवढ्याच पैशात पाच मुलींची वर्षभराची सोय होत असेल, तर ती जास्त मोलाची. देताना निकर आणि साबणही द्यावा. काय हवं, कपडा, पॅड की कप, हे आधी विचारावं. पुराच्या वेळी मात्र पॅडच द्यावीत, कारण तेव्हा कपडा धुवायला स्वच्छ पाणी नसतं आणि वाळवायला कोरडी जागाही.

तालुक्याच्या जनऔषधी केंद्रातून महिन्यातून एकदा एकत्र माल आणायचं काम बचत गटानं किंवा एखाद्या ताईनं घेतलं, तर सुरुवातीला सांगितलेला प्रवासाचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. चाळीसजणींसाठी ६०० पॅड म्हणजे ६०० रुपये. पाकिटामागे रुपया-दोन रुपये आणणाऱ्या बाईला मिळावेत, फुकट राबवू नये.

पैशासाठी ग्रामपंचायतीकडे वाट आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव असतो, त्यातून शाळेच्या संडासाला पाणी आणि दाराला कडी होऊ शकते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. त्या सभेत चार प्रश्न विचारता येतात: १० टक्क्यांतले किती पैसे गेल्या वर्षी खर्च झाले आणि कशावर? शाळेत आणि आशाकडे पॅड शेवटची कधी आली? शाळा सुटलेल्या आणि बाहेरगावाहून कामाला आलेल्या मुली यादीत आहेत का? मुलींच्या संडासात आज पाणी आहे का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत, म्हणजे पुढच्या सभेत तिथूनच सुरुवात करता येते.